रविवारी केलेल्या चिकनला मंगळवारी वास का येतो?

नौपाड्यातून सकाळी ठाणे स्टेशन गाठणाऱ्यांसाठी रविवारीच तीन दिवसांचं चिकन करून ठेवणं सोयीचं. पण मंगळवारी ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम केला की शिळकट, पुठ्ठ्यासारखा वास सुटतो आणि शेजारचे वळून बघतात. चिकन खराब झालंय का? बहुतेक वेळा नाही.

चिकन शिजताना त्यातलं लोह मोकळं होतं. मग फ्रीजमध्येही, हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने, मांसातली चरबी खवट व्हायला लागते. त्यातून हेक्झानलसारखी संयुगं बनतात आणि गरम केल्यावर ती थेट नाकात जातात. टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी १९५८ मध्येच याला ‘वॉर्म्ड-ओव्हर फ्लेवर’ म्हटलं होतं.

म्हणजे खरा शत्रू हवा. म्हणूनच जिमवाल्यांच्या कोरड्या ग्रील्ड तुकड्यांना जास्त वास येतो, रश्श्यात बुडालेल्या चिकनला कमी. लवंग, हळद, आलं हेसुद्धा खवटपणा रोखायला मदत करतात. (आजीचा रस्सा इथे जिंकतो!) डबा लहान घ्या, काठोकाठ भरा आणि शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. बुधवारचा वाटा सरळ फ्रीझरमध्ये. गरम करताना चमचाभर पाणी घाला, सैलसर झाकण ठेवा, पॉवर मध्यम ठेवा आणि मध्ये एकदा ढवळा. आतपर्यंत वाफाळलं पाहिजे, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस.

आंबट वास किंवा बुळबुळीतपणा असेल तर मात्र फेकाच. आणि रात्रभर ओट्यावर राहिलेलं चिकन वास नसला तरी खाऊ नका. आजारी पाडणाऱ्या जिवाणूंना अनेकदा वासच नसतो.