दुसऱ्या प्लगचा दावा

बजाज आणि टीव्हीएस या दुचाकी कंपन्यांमधला पेटंटचा खटला लिहायचा तर आधी इंजिन बघ, कागद नंतर वाच, असं संपादकांनी बजावलं. म्हणून यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या एका गॅरेजात जाऊन बसलो. समोर इंजिनाचं हेड खोललेली बजाजची जुनी पल्सर. मिस्त्रींनी पान्याच्या टोकानं स्पार्क प्लगची दोन भोकं दाखवली.

"एक प्लग मेला तरी गाडी चालते भाऊ, पन पिकप नाई भेटत."

खटल्याचा गाभा त्या वाक्यात आहे. ठिणगी एकाच बाजूला पडली, की ज्वालेला पलीकडची कड गाठेपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो. दोन्ही बाजूंनी पेटवलं की अंतर निम्म्यावर येतं आणि पेट्रोल कमी असलेलं मिश्रणही नीट जळतं. दोन प्लगांची कल्पना जगाला जुनीच. बजाज ऑटोचा दावा वेगळा होता: 45 ते 70 मिलिमीटर व्यासाच्या लहानशा सिलिंडरमध्ये ते आम्ही साधलं. तिथं जागाच नसते. व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, तेल यांच्या गर्दीत दुसरा प्लग बसवायचा कुठे? त्यांनी त्याला नळीत बसवलं, तेलापासून वाचवलं. ती नळी मी बराच वेळ निरखत होतो. साधी वाटते, पण सगळी अक्कल तिच्यात आहे.

2003 मध्ये हे तंत्र 'डीटीएस-आय' नावानं पल्सरमध्ये आलं. 2005 मध्ये पेटंट मिळालं, क्रमांक 195904.

2007 मध्ये टीव्हीएसनं 125 सीसीची 'फ्लेम' जाहीर केली, तिलाही दोन प्लग. टीव्हीएसचं म्हणणं असं, की आमच्या इंजिनाला व्हॉल्व्ह तीन आहेत आणि दोन प्लगांचं पेटंट होंडानं अमेरिकेत आधीच घेतलेलं आहे. बजाज न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी 2008 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं दोन प्लगांची फ्लेम विकायला मनाई केली. फ्लेम एका प्लगवर बाजारात आली. मे 2009 मध्ये अपिलात खंडपीठानं मनाई उठवली. बजाज सर्वोच्च न्यायालयात गेली.

16 सप्टेंबर 2009 चा तो आदेश मी दोनदा वाचला. पेटंटचे दावे रोजच्या रोज चालवा, चार महिन्यांत निकाल द्या, असं न्यायालयानं देशभरच्या न्यायालयांना सांगितलं. हा दावा तर 30 नोव्हेंबर 2009 पर्यंतच संपवायचा होता. तोवर टीव्हीएसनं गाड्या विकाव्यात, फक्त विक्रीचा चोख हिशेब ठेवावा.

नोव्हेंबर गेला. त्यानंतर दहा वर्षं गेली. ऑक्टोबर 2019 मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांचं असतं आणि त्यातली बारा या भांडणात गेली. मोठ्या कंपन्यांना ते परवडलं. एखाद्या शेतकऱ्यानं किंवा मिस्त्रीनं काही नवं जुळवलं, तर तो बारा वर्षं वकील कुठून पुरवणार?

पेटंटची मुदत जुलै 2022 मध्ये संपली. लहान सिलिंडरमधला दुसरा प्लग हा नवा शोध होता की नाही, याचा अंतिम निकाल या दाव्यात लागलाच नाही.