प्रभाकर बरवे : पान, घड्याळ आणि मोकळी जागा

अतिवास्तववाद म्हटलं की आपल्याला दालीची वितळलेली घड्याळं आठवतात. हे सगळं पॅरिसचं, आपल्या सातारा-सांगलीकडे त्याचं काय, असंही वाटतं. पण औंधला यमाईच्या डोंगरावरच्या संग्रहालयात हेन्री मूरचं माता आणि बालकाचं छोटं दगडी शिल्प आहे. १९३६ साली लंडनला अतिवास्तववाद्यांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, त्यात याच मूरचं काम होतं. औंध संस्थान आटपाडीपर्यंत पसरलेलं, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचा त्यावर हक्क!

त्याच १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात प्रभाकर बरवे जन्मले. शिल्पकार करमरकर त्यांच्या नात्यातले. जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण, मग विणकर सेवा केंद्रात नोकरी. १९६१ पासून काही वर्षं ते बनारसला होते. तिथल्या तांत्रिक चिन्हांची छाप सुरुवातीच्या चित्रांवर दिसते, पुढे ती मागे पडली.

आता त्यांची शैली. एक पान, एक फळ, घड्याळ, एखादं अक्षर. सगळ्या घरातल्याच वस्तू. पण पान डोंगराएवढं होतं, आणि दोन वस्तूंमध्ये भरपूर मोकळी जागा राहते. इनॅमल रंग, म्हणजे आपण दारं-खिडक्यांना लावतो तोच! तो पसरतो, सपाट बसतो, कुंचल्याचा फटकारा फारसा उरत नाही. त्यामुळे वस्तू कुणी रंगवली असं वाटत नाही, ती तिथे आपोआप आली असं वाटतं.

बरवे अतिवास्तववादी होते का? समीक्षक तसं म्हणतात, आम्हाला ते अर्धंच पटतं. आंद्रे ब्रेताँच्या १९२४ च्या जाहीरनाम्यात बुद्धीचा लगाम सोडायला सांगितलंय. बरवे लगाम सोडत नाहीत. दालीची वस्तू दचकवते, बरव्यांची वस्तू गप्प बसते, आणि मग आपणच अस्वस्थ होतो. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न तिथे चालत नाही. पान घड्याळाजवळ आल्यावर दोघांचं काय होतं, एवढंच बघायचं. 'मला चित्रातलं कळत नाही' म्हणून जे दालनाच्या दारातूनच परत फिरतात, त्यांनी हे एकदा करून बघावंच.

शिवाय ते मराठीत लिहीत. 'कोरा कॅनव्हास' १९९० साली आलं, वाचनालयात जरूर मागा. १९९५ मध्ये बरवे गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा चित्रांबरोबर त्यांच्या रोजनिश्याही मांडल्या होत्या.