दारातला ख्रिसमस ट्री: हलवावा, तोडावा की राहू द्यावा?

मृग जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न ठरलेला असतो. दारात हौसेने लावलेला ख्रिसमस ट्री आता घराच्या वर गेला आहे, वारा सुटला की डोलतो, रात्री झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात तोडा, मुले म्हणतात तोडू नका, आणि घरधनी म्हणतात की जेसीबी आणून उपटू आणि शेताच्या बांधावर नेऊन लावू. तर करावे काय? आज त्यावरच बोलू.

आधी झाड ओळखू. ज्याला आपण ख्रिसमस ट्री म्हणतो ते म्हणजे अरौकॅरिया. सरळ खोड, त्याला ठरावीक अंतरावर चक्रासारख्या फांद्या आणि सुईसारखी पाने. अशा झाडांना सूचिपर्णी म्हणतात. मुली पुस्तकात ‘विद्या’ म्हणून ठेवतात ती मोरपंखीही त्याच कुळीतली. किनाऱ्यावरचा सुरू मात्र नुसता दिसायला तसा, तो सूचिपर्णी नव्हे. अरौकॅरियाच्या दोन जाती आपल्याकडे रोपवाटिकांतून येतात. एक प्रशांत महासागरातल्या नॉरफोक नावाच्या लहानशा बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियाची. रोपवाटिकावाला दोन्ही एकाच नावाने विकतो. कुंडीत दीड हात उंच दिसणारे हे रोप आपल्या मूळ ठिकाणी ५० मीटरच्याही वर जाते. विकत घेताना हे कोणी सांगत नाही. म्हणून भिंतीपासून चार फुटांवर लावलेली ही झाडे गावोगाव दिसतात.

या झाडाच्या तीन सवयी माहीत असल्या की पुढचे निर्णय सोपे होतात.

पहिली म्हणजे कापलेल्या जागी ते पुन्हा पहिल्यासारखे फुटत नाही. शेवग्याला किंवा लिंबाला छाटले की नवी फूट येते, तसे येथे होत नाही. खालच्या फांद्या काढल्या की ती जागा कायमची उघडी राहते. आणि ‘उंची कमी करू’ म्हणून शेंडा उडवला, तर बाजूने दोन-तीन नवे शेंडे निघतात. ते खोडाला नीट धरून नसतात आणि काही वर्षांनी वाऱ्यात तेच आधी फाटतात. शेंडा छाटून धोका कमी होतो ही समजूत सोडलेली बरी.

दुसरी सवय मुळांची. झाड उंच म्हणून मुळे खोल, असे नसते. बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. अंगण सिमेंटचे करताना किंवा नळाची पाइप टाकताना एका बाजूची मुळे तोडली, की झाडाचा त्या बाजूचा आधार गेला. मुळे चांगली पाइप फोडत नाहीत, पण जोडातून पाणी झिरपत असेल तर तेथून आत शिरतात. म्हणून संडासाची टाकी वारंवार तुंबत असेल तर आधी पाइपचा जोड बघा.

तिसरी सवय मोठी मजेची आहे. न्यू कॅलेडोनियाच्या जातीचे झाड मुळातच कलते, आणि कुठेही कलत नाही, तर विषुववृत्ताच्या दिशेला कलते. शास्त्रज्ञांनी पाच खंडांतली ही झाडे मोजली आणि २०१७ साली ते प्रसिद्ध केले. कल सरासरी साडेआठ अंशांचा निघाला. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून आपल्याकडे ते दक्षिणेकडे झुकते. १० मीटर उंच झाडाचा शेंडा इतक्या कलाने बुंध्यापासून दीड मीटर बाजूला जातो. ते पाहून कोणाचाही जीव घाबरेल. पण जन्मापासूनचा कल हा पडण्याचा कल नव्हे.

मग पडणारे झाड ओळखायचे कसे? गवंड्याचा ओळंबा घ्या, खोडाशेजारी धरा आणि भिंतीवर खूण करा. महिन्याने पुन्हा बघा. मोबाइलवर दर महिन्याला एकाच जागी उभे राहून फोटो काढला तरी चालेल. कल वाढत असेल तर सावध व्हा. कलाच्या उलट बाजूला जमिनीला अर्धगोल भेग पडली असेल, बुंध्याजवळची माती उचललेली दिसत असेल, वाऱ्यात खोडाबरोबर जमीनही हलत असेल, खोडाला भोक किंवा भूछत्र दिसत असेल, तर मात्र वाट पाहू नका. त्या बाजूच्या खोलीत झोपणे आजपासून बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. यातले काहीही नसेल तर झाड नुसते डोलते म्हणून तोडू नये. डोलणे हेच त्याचे वाऱ्याला उत्तर असते. ही जात समुद्रकाठीसुद्धा लावतात, ती याचमुळे. तरीही ३ जून २०२० चे निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीतून गेले तेव्हा वाऱ्याला सरावलेली नारळ-सुपारीची झाडेसुद्धा आडवी झाली, हेही विसरता येत नाही. घर आणि झाड यांतले अंतर म्हणून महत्त्वाचे.

उंची मोजायला शिडी लागत नाही. उन्हात १ मीटरची काठी सरळ उभी करा, तिची सावली मोजा. त्याच वेळी झाडाची सावली मोजा. काठीची सावली ८० सेंटिमीटर आणि झाडाची ९ मीटर ६० सेंटिमीटर असेल, तर झाड १२ मीटरचे. आता बुंध्यापासून १२ मीटरच्या आत काय काय येते ते पाहा. तुमची खोली, शेजारणीचा गोठा, अंगणवाडीचा रस्ता, विजेची तार. हा हिशेब घरात सगळ्यांसमोर करा. निम्मे भांडण तेथेच मिटते, असा आमचा अनुभव आहे.

आता हलवण्याचे. झाड जगावे ही इच्छा चांगली, पण मोठा अरौकॅरिया हलवायच्या आम्ही विरोधात आहोत. कारण साध्या गणितात आहे. झाड हलवताना खोडाच्या व्यासाच्या दहा ते बारा पट रुंद मातीचा गड्डा मुळांसकट यावा लागतो. जमिनीपासून एक वीत वर दोरीने घेर मोजा, तीनने भागा, की व्यास आला. घेर १६ सेंटिमीटर म्हणजे व्यास ५. त्याला ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० खोल गड्डा हवा. ओली माती धरली तर त्याचे वजन पावणेदोनशे किलोंच्या आसपास भरते. चार-सहा जणांनी गोणपाट आणि फळी लावून ते होईल. पण घेर ६३ सेंटिमीटर, म्हणजे व्यास २० झाला, की गड्डा २ मीटर रुंद, पाऊण मीटर खोल आणि वजन साडेतीन-चार टन. त्याला क्रेन लागते, ती आत यायला रस्ता लागतो आणि तेवढा खर्च करूनही झाड जगेल याची हमी नाही. जेसीबीने साखळी बांधून उपटले तर साल सोलते, गड्डा फुटतो, बारीक मुळे वर राहतात. तो उपटण्याचा उद्योग झाला, लावण्याचा नव्हे.

लहान झाड मात्र जरूर हलवा. घाई नको, एक वर्ष हाताशी ठेवा. पहिल्या पावसाळ्यात झाडाभोवती, गड्ड्याच्या कडेने, अर्ध्या वर्तुळाचा चर खणा. आडवी येणारी मुळे धारदार कोयत्याने स्वच्छ कापा आणि चरात शेणखत मिसळलेली माती भरा. पावसाळ्याच्या शेवटी उरलेल्या अर्ध्या बाजूला तसेच करा. कापलेल्या जागी बारीक, पाणी ओढणारी मुळे फुटतात आणि तीच झाडाला नव्या जागी जगवतात. उन्हाळाभर पाणी तोडू नका. पुढच्या वर्षी दोन-तीन चांगले पाऊस झाले, आभाळ भरून आले, की हलवा. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. दक्षिणेची बाजू खोडाला सुतळी बांधून ठेवा, नव्या खड्ड्यात तीच बाजू दक्षिणेला येऊ द्या. गड्डा गोणपाटात घट्ट बांधा, आणि उचलताना तळातून उचला, खोडाला धरून नाही. पूर्वी जितके जमिनीत होते तितकेच आता पुरा. ‘पडू नये’ म्हणून हातभर खोल पुरले की बुंधा कुजतो. तीन बाजूंनी काठ्यांचा आधार द्या, पण बांधायला तार वापरू नका. जुने लुगडे फाडून त्याच्या पट्ट्या वापरा. फांद्या छाटू नका.

आणि एक. हे झाड फसवे आहे. मुळे मेली तरी पाने कित्येक आठवडे हिरवी राहतात. ‘लागले’ म्हणून पाणी बंद करण्याची चूक करू नका. शेंड्याला नवी पोपटी फूट दिसेपर्यंत पाणी चालू ठेवा, आणि पहिला उन्हाळा तर ठेवाच.

तोडायचेच ठरले तर आधी परवानगी. महानगरपालिका आणि नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा झाडे जतनाचा कायदा लागू आहे. तेथे झाड आपल्या अंगणात असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही. झाड ५० वर्षांचे किंवा त्याहून जुने असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर नियम आणखी कडक आहेत. गावात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर अशी झाडे आहेत, ख्रिसमस ट्री नाही. तरीही ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि लाकूड गावाबाहेर जाणार असेल तर वनरक्षकाला विचारा. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेथे विचारल्याशिवाय फांदीलाही हात लावू नये. अर्जाला घराचा नमुना ८ चा उतारा लागू शकतो. तो काढाल तेव्हा त्यावर तुमचे नाव आहे का, तेही बघून घ्या. विषय झाडाचा असला तरी कागद हातात आलाच आहे.

तार फांदीला टेकत असेल तर झाडावर कोणीही चढू नये, ओली दोरी टाकू नये. महावितरणला १९१२ वर फोन करा, लाइन बंद करून घ्या, आणि ती बंद झाल्याची खात्री वायरमनकडून समोरासमोर घ्या.

तोडणारा माणूस दोघा-तिघांना विचारून ठरवा. घराजवळचे झाड बुडातून एका घावात पाडणारा नको. वरून तुकडे करत, प्रत्येक तुकडा दोरीने खाली सोडणारा हवा. अंगाला बांधायचा पट्टा आणि डोक्याला टोपी आहे का, ते बघा. कौल किंवा पत्रा फुटला तर कोण भरणार, फांद्या कोण नेणार, खोड कोणाचे, बुडखा काढणार की नाही, हे वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ‘लाकूड घेतो, मजुरी नको’ असे म्हणणाऱ्याला आधी लाकूड ओळखीच्या सुताराला दाखवायला सांगा. हे लाकूड हलके आणि मऊ असते. खोकी, फळ्या होतात, पण जमिनीत रोवायला उपयोगी नाही. ते लवकर कुजते आणि त्याला वाळवी लागते. चुलीत घातले तर धूर आणि काजळी फार. वाळलेल्या पानांचा ढीग घराला किंवा गंजीला लागून ठेवू नका, ठिणगी पडली तर भडका उडतो. त्या दिवशी मुले आणि जनावरे दूर ठेवा. फांद्यांत पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत काम पुढे ढकला.

बुडखा राहिला तर हरकत नाही, तो हळूहळू कुजेल आणि वरची माती खचेल. त्यावर पाण्याची टाकी किंवा शेड बांधू नका. काळ्या मातीत आणखी एक गोष्ट होते. झाड जमिनीतले पाणी ओढत होते, ते थांबले की माती फुगते. म्हणून भिंतीला भेगा असतील तर झाड गेल्यावर लगेच गिलावा करू नका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, मगच गवंडी बोलवा.

‘या झाडाखाली काही उगवत नाही, जमीन विषारी झाली का?’ असेही विचारले जाते. नाही. तेथे सावली दाट होती आणि पाणी मुळे पीत होती, एवढेच. शेणखत घालून एक हंगाम चवळी घ्या, मग कढीपत्ता, लिंबू, जे हवे ते लावा. आणि नाताळात मुलांना ख्रिसमस ट्री हवाच असेल, तर तो कुंडीतच ठेवा. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदला, आणि कुंडीच्या तळातून मूळ जमिनीत उतरले नाही ना, हे पावसाळ्यात महिन्यातून एकदा कुंडी हलवून बघा.