एटीव्हीचा ऑइल ड्रेन नट जाम झालाय? पान्यावर पाय देण्याआधी हे वाचा

अलिबाग, नागावच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या एटीव्हींना खारी हवा रोजचीच. अशा गाडीचं ऑइल बदलायला घेतलं की ड्रेन नट हलतच नाही. नट बहुधा पोलादी, इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं. मध्ये खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम गंजतं आणि आटे धरून बसतं.

आधी दिशा तपासा. गाडीवरून वाकून पाहिलं की दिशा उलटी वाटते आणि नट आणखी आवळला जातो (हे गॅरेजवाल्यांचंही होतं!). नटाच्या डोक्याकडे बघत, घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचं.

इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सैल होते. मात्र गरम ऑइल आणि सायलेन्सरपासून हात जपा. बारा कोनी नको, सहा कोनी सॉकेट पूर्ण बसवा आणि हँडलला छोटे झटके द्या. लांब पाइप लावून जोर काढणं महागात पडतं: आटे गेले तर खर्च नटाचा नाही, केसिंगचा. डोकं घासून गोल झालं असेल तर तिथेच थांबा आणि मेकॅनिक गाठा.

परत लावताना वॉशर नवा घाला, सुरुवातीचे आटे हातानंच चढवा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कइतकंच आवळा.