जिवाणूंची कणगी

एक सोपा प्रयोग करून पाहा. कुंडीतल्या मातीत केळीच्या पानाचा, वर्तमानपत्राचा आणि दुधाच्या पिशवीचा असे तीन तुकडे पुरून ठेवा. माती ओलसर राहू द्या. दोन-तीन महिन्यांनी उकरलेत, तर पान बहुतेक मातीत मिसळलेले असेल, कागदाचा लगदा होऊ लागला असेल. पिशवीचा तुकडा मात्र धुतल्यावर जवळजवळ पूर्वीसारखाच दिसेल. असे का व्हावे?

पान आणि कागद यांत सेल्युलोज असते. ग्लुकोजचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडले जाऊन ते बनते. अशा लांब साखळीला बहुवारिक म्हणतात. पिशवीचे पॉलिथिनही बहुवारिकच. पण सेल्युलोजची साखळी तोडणारी विकरे मातीतल्या कित्येक सूक्ष्मजीवांपाशी असतात; पॉलिथिनची साखळी सहजी तोडील असे हत्यार त्यांच्यापाशी नाही. समोर ताट वाढलेले आहे, पण घास तोडता येत नाही, अशी त्यांची स्थिती होते.

मग सूक्ष्मजीवांना खाता येईल असे प्लॅस्टिक करता येईल काय? गंमत अशी, की काही जिवाणू ते पूर्वीपासूनच करीत आले आहेत! फ्रान्समधील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या मोरिस लेम्वान्य यांनी १९२६ मध्ये बॅसिलस मेगॅटेरियम या जिवाणूच्या पेशीत असा पदार्थ असल्याचे दाखवले. त्याचे नाव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला ‘पीएचबी’ म्हणू.

जिवाणूला प्लॅस्टिक कशाला हवे? शेतकरी सुगीत कणगी भरून ठेवतो, तसेच हे आहे. साखर भरपूर, पण प्रथिने बनवण्यास लागणारा नायट्रोजन कमी, अशा वेळी जिवाणूची वाढ खुंटते. मग तो जादा साखरेचे पीएचबी करून साठवतो. साखर तशीच का साठवीत नाही? कारण पेशीत साखरेचा दाट द्राव झाला, तर परासरणाने बाहेरचे पाणी आत शिरेल. पीएचबीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे हा धोका टळतो. क्युप्रिअ‍ॅव्हिडस नेकॅटर नावाच्या जिवाणूत तर सुकवलेल्या पेशींच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत पीएचबी भरू शकते.

हे पीएचबी पेशींतून वेगळे काढले की पांढरी पूड मिळते. ती सुमारे १७५ अंश सेल्सिअसला वितळते आणि साच्यात ओतता येते. आणि मुद्द्याची गोष्ट अशी, की जे साठवले गेले ते खाण्यासाठीच! म्हणून माती व समुद्र यांतले अनेक सूक्ष्मजीव ते पचवू शकतात. त्याचा मूळ घटक तर आपला उपवास लांबला की आपल्या यकृतातही तयार होतो.

आता टाकाऊ मालाकडे वळू. चीज किंवा पनीर करताना हिरवट पाणी उरते. त्याला निवळी म्हणतात. एक लिटर निवळीत सुमारे ४५ ग्रॅम दुग्धशर्करा असते. ती ओढ्यात सोडली, तर तिच्यावर वाढणारे सूक्ष्मजीव पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. हीच शर्करा जिवाणूंना टाकीत खाऊ घातली तर? क्युप्रिअ‍ॅव्हिडसला दुग्धशर्करा थेट पचत नाही, म्हणून विकराने आधी तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज करावे लागते. किंवा जनुके बदललेले दुसरे जिवाणू वापरावे लागतात. एक किलो पीएचबीला साधारण तीन किलो साखर लागते. हाच हिशेब धरला, तर एक लिटर निवळीतून १५ ग्रॅम प्लॅस्टिक मिळेल. त्यातून किती पिशव्या होतील, ते एक रिकामी पिशवी वजन करून तुम्हीच काढा!

मग आपल्या पिशव्या अजून पॉलिथिनच्याच का? ब्रिटनच्या इंपिरियल केमिकल इंडस्ट्रीजने अशा जिवाणूंपासून ‘बायोपोल’ हे प्लॅस्टिक बनवले. नुसते पीएचबी ठिसूळ असते, म्हणून साखळीत दुसरा घटक मिसळून ते चिवट केले होते. १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या शांपूच्या बाटल्या विक्रीस आल्या. पण पेट्रोलियमपासूनच्या प्लॅस्टिकपेक्षा ते फार महाग पडे. टाकी निर्जंतुक करणे, हवा खेळवणे, पेशी फोडणे, पूड सुकवणे, या प्रत्येक पायरीला ऊर्जा लागते. ब्राझीलमधील एका साखर कारखान्यात १९९० च्या दशकात प्रायोगिक उत्पादन सुरू झाले. तिथे साखर घरचीच होती आणि ऊर्जा उसाच्या चिपाडांची.

आपल्याकडे साखर कारखान्यांची मळी आहे, असे तुम्ही म्हणाल. पण मळीपासून मद्यार्क होतो, म्हणजे तिला आधीच गिऱ्हाईक आहे. टाकाऊ कशाला म्हणायचे, हाही विचार करण्याचा प्रश्न आहे.

शेवटी एक सावधगिरी. ‘जैवविघटनशील’ असे छापलेली प्रत्येक वस्तू कुठेही कुजते असे नाही. पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लॅस्टिक वनस्पतींच्या साखरेपासून होते, पण ते लवकर कुजण्यास सुमारे ६० अंशांचा गरम खतढीग लागतो. गार मातीत ते दीर्घकाळ तसेच राहते. तेव्हा अशी पिशवी हाती आली, तर तिचाही एक तुकडा कुंडीत पुरा, तारीख लिहून ठेवा आणि छापलेल्या शब्दांपेक्षा मातीचे उत्तर ग्राह्य धरा.