डालड्याचे इंजिन

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेले दीड वर्ष पोळ्यांचा डबा ठेवायला जागा नाही. पितळी पत्र्याचे तुकडे, कानशी, व्हर्नियर, सोनाराची करवत आणि मधोमध जुन्या पाटावर रेल्वे इंजिनाचा सांगाडा. सौभाग्यवती म्हणतात, "कादंबरी लिहीत होतात तेव्हा बरं होतं. कागद उचलून ठेवता येत होते." एकदा भाजीत पितळेचा कीस सापडला, तेव्हापासून मी या तक्रारीला उत्तर देत नाही.

बँकेतून निवृत्त झालेली माणसे सोसायटीचे सेक्रेटरी होतात किंवा चारधामला जातात. मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माथेरानच्या गाडीचे वाफेचे इंजिन करायला घेतले. तयार भागांची पेटी आणून जोडायची, तसे नव्हे, कोऱ्या पत्र्यापासून. चाके, मोटर आणि गिअर विकत घ्यायची मुभा या छंदातली कर्मठ मंडळीही देतात. बाकी सारे आपण मोजायचे, कापायचे आणि जोडायचे.

खरे तर हे माझे दुसरे इंजिन. पहिले १९६९ साली लालबागच्या चाळीत झाले, डालड्याच्या डब्याचे. मी अकरा वर्षांचा होतो. दादा एकोणीस वर्षांचा, नुकताच गिरणीत फिटर म्हणून लागलेला. दिवाळीच्या सुट्टीत नेरळला मामाकडे गेलो की मी दिवसभर स्टेशनात माथेरानच्या इंजिनाजवळ उभा असे. घरी येऊन मी त्याचे चित्र काढले. दादाने ते पाहिले, डबा कापला आणि गॅलरीत स्टोव्हवर लोखंडी खड्या तापवून त्याला डाख दिला. मी फक्त धरायला होतो. मॅट्रिकच्या वर्षी वडिलांनी ते इंजिन पोटमाळ्यावर टाकले. चाळ सोडताना ते कुठे गेले, कुणालाच आठवत नाही.

पुढे अडतीस वर्षे नोकरी आणि रात्री लेखन. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. नातवाला दाखवावे म्हणून गेलो. तो अर्ध्या तासात कंटाळला. मला मात्र ओढून बाहेर काढावे लागले.

माथेरानचेच इंजिन का, तर ते मोजता येते. ही दोन फुटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधून घेतली. सुमारे एकवीस किलोमीटरची वाट, वीसास एक असा चढ, आणि वळणे अशी की पुढच्या डब्यातल्या माणसाने मागच्या डब्यातल्याला हात करावा. त्यासाठी जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल या कारखान्यातून चार इंजिने आणली होती. १९८० नंतरच्या दोनतीन वर्षांत त्यांची वाफ थांबली. त्यातले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल संग्रहालयात आहे, एक पार इंग्लंडला पोचले, आणि एक नेरळ स्टेशनातच उभे आहे. स्टेशन मास्तरांची परवानगी काढून मी टेप आणि वही घेऊन तीन सकाळी तिथे घालवल्या. एका फेरीवाल्याने विचारले, "साहेब, विकायला काढलंय का?"

माप मी एकास एकोणीस धरले. खऱ्या इंजिनाचा एक फूट म्हणजे माझ्याकडे सोळा मिलिमीटर, आणि दोन फुटी रूळ म्हणजे बत्तीस. याहून लहान माप माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना झेपले नसते. आधी सगळे इंजिन जाड लग्नपत्रिका कापून केले. आमच्याकडे लग्नपत्रिकांना तोटा नाही. कागदाचे चुकले की दुसरी पत्रिका घ्यायची, आणि तेवढ्यात डोक्यातल्या चुका बाहेर पडतात.

मग पितळ. सोनाराची करवत केसासारखी बारीक असते. पहिल्या दिवशी डझनातली सात पाती मोडली. आपण दाबतो म्हणून ती मोडते. हात सैल ठेवला की पाते आपणहून कापते, हे कळायला दोन आठवडे लागले. बँकेत चुकीची नोंद पडली तर उलटी नोंद करून ती शून्य करता येते. कादंबरीत प्रकरणच्या प्रकरण खोडता येते. पत्रा अर्धा मिलिमीटर जास्त कापला गेला की गेलाच. ड्रायव्हरच्या खोलीची डावी भिंत मी चार वेळा कापली आहे.

डाख देणे म्हणजे कल्हई आठवावी. कल्हईवाला आधी भांडे घासून लख्ख करायचा, तापवायचा, नवसागर टाकायचा आणि मग कथील नुसते टेकवले की भांडेभर पळायचे. इथेही तेच. जागा स्वच्छ हवी, फ्लक्स हवा, आणि कथील वितळावे ते खडीने नव्हे, तापलेल्या पितळेने. माझे पहिले सगळे सांधे दिसायला छान आणि बोटाने निघणारे होते. त्यातून पितळ उष्णता पळवते. एका टोकाला पायरी जोडावी तर दुसऱ्या टोकाची कठड्याची नळी गळून पडायची. आधीच्या सांध्यावर ओल्या कापसाची घडी ठेवायची, हा त्यावरचा साधा उपाय.

खरी परीक्षा चाकांची. या इंजिनाला चाकांच्या तीन जोड्या. चाके सांगाड्याच्या आत दडलेली, क्रँक आणि त्यांना जोडणारे दांडे बाहेर. तीनही आस एका ताठ चौकटीत बसवले असते तर माथेरानच्या वळणावर इंजिन अडले असते. म्हणून पहिला आणि शेवटचा आस क्लीन-लिंडनर पद्धतीचा आहे. आत एक भरीव आस, त्याभोवती दुसरा पोकळ, आणि दोघांचा सांधा फक्त मध्यावर, गोळ्यावर. दांडे आतला आस फिरवतात. बाहेरचा, चाके घेऊन, वळणाप्रमाणे तिरका होतो. मी तेवढे धाडस केले नाही. त्या दोन आसांना आडवी हालचाल थोडी सैल ठेवली, इतकेच.

पण एका बाजूचा क्रँक दुसऱ्या बाजूच्या क्रँकशी काटकोनात हवा, म्हणजे एक बाजू टोकाला येऊन अडली तरी दुसरी पुढे ढकलते. आणि हा काटकोन तिन्ही आसांवर तंतोतंत एकच हवा. माझे इंजिन अर्धा फेरा फिरे आणि कचकन थांबे. तीन महिने मी क्रँक काढत आणि बसवत होतो. शिवाय चिमणी आणि घुमट उरले होते. ते पत्र्याचे होत नाहीत. भरीव पितळेतून लेथवरच काढावे लागतात.

लेथ दादाकडे आहे. अंबरनाथला, गाळ्यात.

१९८२च्या संपात दादाची गिरणी सुटली, ती सुटलीच. १९८६ साली त्याला एक जुना लेथ मिळत होता. त्याने आमच्याच बँकेच्या तिथल्या शाखेत कर्जाचा अर्ज केला. मॅनेजर माझ्या ओळखीचे होते. मी नुकताच ऑफिसर झालो होतो. दादा म्हणाला, "नुसतं सांग, हा माझा भाऊ आहे म्हणून." मी म्हणालो, नियमात बसत नाही. नातेवाइकाचे कर्ज मी मंजूर करणे नियमात बसले नसते. ओळख सांगण्याबद्दल नियमात काही नव्हते, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होते. हमीदार नाही म्हणून अर्ज परत आला. वहिनीच्या पाटल्या विकून लेथ आला. त्यावर दादाने दोन मुलींची लग्ने केली. आम्ही भेटत राहिलो, बारशाला, लग्नाला, तेराव्याला. लेथ पाहायला मी कधी गेलो नव्हतो.

या फेब्रुवारीत सांगाडा पिशवीत घालून गेलो. दादा आता चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याने इंजिन हातात घेतले, उलटे केले, चाक फिरवले. चश्मा कपाळावर चढवून म्हणाला, "दांड्यांची भोकं वेगवेगळी पाडलीस ना?"

"हो."

"दोन्ही पट्ट्या एकमेकींना डाख देऊन चिकटवायच्या आणि एकदमच भोकं पाडायची. मग सोडवायच्या. त्याच पट्ट्यांवरून सांगाड्याची भोकं." क्रँकमध्ये दोष नव्हताच.

मी चिमणीचे माप पुढे केले. त्याने ते पाहिले, लेथवरचे फडके काढले आणि माझ्याकडे न बघता विचारले,

"हमीदार आणलायस?"

मला काही सुचले नाही. आत वहिनीने कप ठेवल्याचा आवाज झाला. "दादा, तेव्हा मी..." एवढे म्हणालो. त्याने लेथ सुरू केला होता; पुढचे ऐकू गेले असेल असे वाटत नाही. पितळेची कुरळी पिवळी तार निघू लागली. वीस मिनिटांत चिमणी झाली. वरची कड त्याने नुसत्या नजरेने गोल केली आणि मग मापून पाहायला माझ्याकडे दिली. माप बरोबर होते.

घुमट राहिला आहे. रविवारी ये म्हणाला. येताना एक इंची गोल पितळी सळई आणायची आहे, आणि दांड्यांसाठी नवी पट्टी.