फेस ओसरला म्हणजे इंद्रायणी सुधारली?

आळंदीत बंधाऱ्याखाली पांढरा फेस साचला की फोटो निघतात, ओरड होते. फेस ओसरला की घाटावर कुणीतरी म्हणतंच, ‘आता पाणी बरं आहे.’ हा गैरसमज सगळ्यात महागात पडणारा. फेस येतो तो मुख्यतः साबण-डिटर्जंटमुळे, तोही पाणी आपटून त्यात हवा मिसळली की. संथ डोहात तेच मैलापाणी बिनफेसाचं पुढे जातं.

‘वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात तथ्य आहे. नदीतले जिवाणू घाण खातात, पण त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. आपल्याकडच्या हवामानात लिटरभर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो आणि घरगुती मैलापाण्याला लिटरमागे २०० ते २५० मिलिग्रॅम लागतो. म्हणजे एक बादली मैलापाणी नदीच्या पंचवीस-तीस बादल्यांमधला सगळा प्राणवायू संपवू शकतं. चैत्र-वैशाखात धार बारीक झालेल्या नदीने एवढं पाणी आणायचं कुठून?

‘आमच्याकडे सेप्टिक टाकी आहे’ असं नदीकाठच्या गावांत खात्रीने सांगतात. टाकीत जड गाळ तळाशी बसतो आणि थोडाफार कुजतो, एवढंच. बाहेर पडणारं पाणी रोगजंतूंनी भरलेलंच असतं. शिवाय टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. प्रत्यक्षात ती तुंबेपर्यंत झाकण उघडत नाही.

आता नितळ पाण्याविषयी. नेहमीच्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडलेलं पाणी काचेच्या ग्लासात धरलं तर पलीकडची बोटं दिसतात. पण त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस विरघळलेले असतात, म्हणजे चक्क खत. जलपर्णी त्यावरच पोसते. प्रगत प्रक्रियेचं काम इथून सुरू होतं. हवा खेळवलेल्या टाकीत जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. बिनहवेच्या टाकीतले जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. फॉस्फरससाठी तुरटी चालते, पावसाळ्यात आपण गढूळ हंड्यात फिरवतो तीच. तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेटला धरतं, गोळे होऊन ते खाली बसतात. मग गाळणी आणि शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरण. हा शेवटचा टप्पा वारकऱ्यांसाठी फार मोलाचा आहे. आंघोळीच्या पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे जास्तीत जास्त २५०० चालतात. कच्च्या मैलापाण्यात ते लाखांनी, कोटींनी असतात. आणि आपली माणसं बुडी मारून तेच पाणी तीर्थ म्हणून ओठांना लावतात.

‘हे महानगरांना परवडतं, आपल्याला नाही’ हेही खरं नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत गाळ बसवलेलं मैलापाणी खडीच्या वाफ्यातून संथपणे जातं. वर कर्दळ, पाणकणीस लावलेलं असतं आणि मुळांभोवतीचे जिवाणू काम करतात. वीज फार लागत नाही, जागा मात्र लागते. फॉस्फरस आणि जंतूंचा बंदोबस्तही पुढे वेगळा करावा लागतो.

राहता राहिलं ‘केंद्र उभं राहिलं, प्रश्न मिटला.’ यांत्रिक केंद्रातले जिवाणू हवेवर जगतात. हवा देणारा पंखा बराच वेळ बंद राहिला तर ते मरू लागतात आणि घडी पुन्हा बसायला कित्येक दिवस जातात. म्हणून ग्रामसभेत केंद्र किती कोटींचं, याआधी विचारावं: वीजबिल कोण भरणार, रात्रपाळीला कोण असणार आणि गाळ कुठे जाणार?